बायनाबाईच्या पायाला क्लिअर

१२ एप्रिल २०१६, पाटोदा

टाकी नाही, बंपर नाही — आज गॅरेजात पाय आला! कार्बन फायबरचा. बायनाबाईचा. ऊसतोडीला गेल्ती तेव्हा ट्रॉलीखाली तिचा गुडघ्याखालचा पाय गेला. पुण्याच्या कुण्या संस्थेनं हा बसवून दिला. सात वर्षं म्हशींच्या लाथा खाऊन वरचं क्लिअर, म्हणजे चकाकीचा पारदर्शक थर, पापुद्रे होऊन सुटलंय. बाई कुबडीवर उभी, अन् हुकूम काय — "पेंटर, आरशावानी कर. चोवीसला दूध संस्थेची सभा हाय. चेअरमनकीला उभी राहतेय मी, सुंदररावासमोर."

सुंदरराव पंधरा वर्षं चेअरमन. दुष्काळातल्या गुरांच्या छावणीचा चारा आधी त्याच्या गोठ्यात, मग गावाला. सगळ्यांना माहीत. बोलते ही एकटीच.

१३ एप्रिल

घासायला वॉटर पेपर, अन् वॉटर पेपरला पाणी. टँकर पाच दिवसांनी! तांब्याभर घेतलं तर आई सुरू — "माणसाला प्यायला न्हाई अन् पायाला आंघोळ! त्यात विधवेचा पाय घरात. तुझं लगीन कावून होईना ते कळलं."

स्वतःच्या आंघोळीचं पाणी वापरलं. तसाही माझा वास घ्यायला कोण येतंय.

१५ एप्रिल

खालची वीण उघडी पडली. काळी, चटईसारखी. लई देखणी! धूळ मात्र भलती चावते. दिवसभर माकडासारखा खाजवतोय.

१७ एप्रिल

क्लिअर मारलं. वावटळ आली. आता पायावर अर्धा तालुका चिकटलाय, वर एक माशी. पुन्हा घासा!

१९ एप्रिल

दोन कोट बसले. तोंड दिसतंय त्यात. अन् माझंच तोंड मला बघवेना.

परवा घासतानाच मागच्या बाजूला केसाएवढी चीर दिसली होती. पायावर नाणं वाजवून बघितलं — सगळीकडे टणटण, तिथं थप्प. आतनं थर सुटलेत. मी वर क्लिअर मारून मोकळा! कुणाला कळणार होतं? हरामखोर आहे मी.

२० एप्रिल

सांगून टाकलं. बायनाबाईनं माझ्या सात पिढ्या काढल्या. मग म्हणली, "कुबडीवर गेले तर म्हणतेल, दया मागाया आली. तोच घालणार."

"मोडंल!"

"मोडू दे. मला ठावं तर हाय आता."

२४ एप्रिल

स्टेजच्या दुसऱ्या पायरीवर मोडला. काडकन! मी धावलो. "सरक," म्हणली. पायरीवरच बसली अन् तिथनंच बोलली — कुठल्या दिवशी चाऱ्याच्या किती गाड्या आल्या, कुणाच्या गोठ्यात उतरल्या. ऐकायला लोक पुढं सरकत गेले. स्टेजवर सुंदरराव एकटाच.

मतांचे हात वर झाले, मोजले. बायनाबाई चेअरमन!

२५ एप्रिल

सकाळी कुबडी टेकत दारात. "म्हाळू, चल पुण्याला, नवा पाय आणाया."

म्हणलं, मी कावून?

"एस्टीत पाच तास हायेत. आपल्या लग्नाचं बोलून होईल."

आई आतून म्हणाली, "डबा दोघांचा बांधू का?"