भाग सत्ताविसावा

३ मार्च, सोमवार
आमच्या मालिकाप्रेमी मंडळाचं ठरलं. १६ तारखेला, रविवारी, माझं व्याख्यान. विषय: ‘सातवी कक्षा’वरून निघालेल्या दोन अ‍ॅनिमेटेड मालिकांची तुलना. मूळ ‘सातवी कक्षा’ ही अंतराळ मालिका मला तोंडपाठ. लहानपणी एक भाग चुकवला नाही. या दोन कार्टून मालिका मात्र बघायच्या राहिल्यात. मंडळात हे कुणाला ठाऊक नाही. ‘राखेचे ग्रह’ सखोल आणि ‘कॅडेट’ बालिश, असं मी चार वर्षं ठणकावून सांगतोय. ज्यांनी पाहिल्यात त्यांना इतकं ठाम राहता येत नाही.
संकल्प: प्रत्येकी सव्वीस भाग, एकूण बावन्न. रोज चार. तेरा दिवसांत खलास.

४ मार्च
काल मुहूर्त हुकला. आज माझ्या चष्म्याच्या दुकानात फ्रेमांची मोजणी. दिवसभर लोकांचे नंबर तपासून स्वतःचेच डोळे गेले. उद्यापासून नक्की.

६ मार्च, संध्या. ७
‘राखेचे ग्रह’ लावली. राख दिसली. जाग आली तेव्हा भाग चार संपत होता. म्हणजे आजचा कोटा पूर्ण. बायको म्हणाली, घोरण्यात खोली होती. दुर्लक्ष केलं.

८ मार्च
लेक विचारत होती, बाबा, ‘कॅडेट’ माझ्यासोबत बघशील का? अकरा वर्षांची आहे. तिचे सगळे भाग बघून झालेत, तरी तुझ्यासाठी परत बघेन म्हणाली. दोन वर्षं हेच टुमणं. म्हटलं, व्याख्यान उरकू दे. कशावर आहे, तिने विचारलं. विषय टाळला.

११ मार्च
झाले: चार (झोपेत). उरले: अठ्ठेचाळीस. उद्यापासून रोज बारा. जमेल. माणूस चंद्रावर जाऊन आला.

१४ मार्च
देव पावला. लेकीच्या टेबलावर निळी वही सापडली. दोन्ही मालिकांची भागवार नोंद. गोष्ट काय, कोण खोटं बोललं, दहापैकी गुण. ‘राखेचे ग्रह’बद्दल लिहिलंय की सगळे फार गंभीर असतात, पण कुणी कुणाला सॉरी म्हणत नाही. हे मला सुचायला हवं होतं. सगळं उतरवून घेतलं. घरातलीच वही, चोरी कसली?
‘कॅडेट’ सरस ठरली. मत बदललं. विचारी माणसाचं बदलतंच.
कळस म्हणजे ‘कॅडेट’चा भाग २७. कप्तान मोहिमेवरून घरी येतो आणि मुलीला विचारतो, मी नव्हतो तेव्हा काय काय झालं? मग भागभर ती बोलते, तो ऐकतो. बस. दहापैकी दहा. वाचताना डोळे भरून आले. लिहिणाऱ्याला सलाम.

१६ मार्च, दुपारी
व्याख्यान झालं. बायको आणि लेक न सांगता आल्या होत्या, शेवटच्या रांगेत. सुरुवातीला लेकीचा चेहरा असा फुलला की विचारू नका. तिला वाटलं, बाबाने सगळं पाहिलं. मग वाक्यं तिच्या ओळखीची निघत गेली. तिने मान खाली घातली. मी थांबायला हवं होतं. टाळ्या पडत होत्या.
भाग २७ वर दहा मिनिटं बोललो. दातांचे डॉक्टर आमचे सेक्रेटरी. त्यांनी विचारलं, ‘कॅडेट’चे भाग सव्वीसच ना? मी पाणी प्यायलो. पेला रिकामा झाला तरी पीत राहिलो.
तेवढ्यात लेक उठली. म्हणाली, एक विशेष भाग होता, एकदाच दाखवला, मी आणि बाबाने मिळून पाहिला. आणि खाली बसली.

१६ मार्च, संध्या.
भाग २७ तिने स्वतः रचलेला. मी म्हटलं, फार सुंदर लिहिलायस. ती म्हणाली, वही जागेवर ठेव. ओरडली असती तर बरं झालं असतं. लाज वाटते. मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

१८ मार्च
सेक्रेटरींचा फोन. मंडळ भाग २७ शोधतंय. दोघांना तो पाहिल्याचं आठवतं. एकाला संगीत आवडलं होतं. रविवारी खरं सांगून टाकणार. लेकीला शब्द दिला.

२३ मार्च, रविवार
सांगायला उभा राहिलो. त्यांनी मला अध्यक्ष केलं. अशा वेळी बोलणं बरं दिसलं नसतं. घरी आल्यावर लेकीने विचारलं, सांगितलंस? म्हटलं, पुढच्या रविवारी. बरं, म्हणाली.

२४ मार्च
लेकीला म्हटलं, चल, ‘कॅडेट’ बघू, पहिल्यापासून. तू बघ बाबा, म्हणाली. मला आता नाही बघायची. खोलीचं दार हळूच लोटून घेतलं.
भाग १ एकट्याने पाहिला. पूर्ण जागा होतो. चांगला आहे. वहीत त्याला दहापैकी सात होते. खाली लिहिलं होतं, बाबा सोबत असता तर नऊ. व्याख्यानात उपयोगाची नाही म्हणून तेवढी ओळ मी उतरवली नव्हती.