लिओंमध्ये न्याहारी, स्थानिक पद्धतीने

२ मार्च १९९४, उज्जैन

परवा निघायचं. घरातली पहिली ग्रॅज्युएट, आता घरातली पहिली विमानात बसणारी. बाबांनी रेल्वेच्या पार्सल ऑफिसात पेढे वाटले. साहेबांनी विचारलं म्हणे, फ्रान्स कुठल्या लाइनवर येतं.

काम मोठं आहे. भैरवगढच्या कापडावर छपाई करणाऱ्या बायकांच्या आमच्या मंडळाला लिओंच्या कापड-प्रदर्शनात एक टेबल मिळालंय. तिथे मादाम रूसेल, बऱ्याच दुकानांच्या मालकीण, आमचे टेबलक्लॉथ बघणार. ऑर्डर मिळाली तर पक्की शेड बांधता येईल. मग पावसाळ्यातही कापड वाळेल आणि बायकांना काम बंद करून घरी बसावं लागणार नाही. दुभाषी मी. युनिव्हर्सिटीचा फ्रेंच डिप्लोमा, फर्स्ट क्लास. आमचे सर कधी फ्रान्सला गेले नाहीत, त्यामुळे उच्चार शुद्ध राहिले.

संकल्प: परदेशात चिवडा नेणारे लोक देशाची प्रतिमा बिघडवतात. मी न्याहारी स्थानिक माणसांसारखी, स्थानिक माणसांत, स्थानिक भावात करणार. आईने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, पोहे एक किलो पुरतील का. नको म्हणून स्पष्ट सांगितलं.

५ मार्च, लिओं

बॅगेत पोहे निघाले. दोन किलो. सेव आणि पोह्यांवरच्या जीरावन मसाल्याची पुडी वेगळी. सगळं प्रतिभाताईंना देऊन टाकलं. त्या मंडळाच्या खजिनदार, माझ्यासोबत आल्या आहेत. त्या म्हणाल्या, बरं झालं, मी एकच किलो आणले होते.

६ मार्च

कॅफेबाहेर फुटपाथवरच्या खुर्चीवर ऐटीत बसले. एक कॉफी, एक क्रोसाँ. तेवढ्या बिलात उज्जैनच्या टावर चौकात आख्ख्या दुकानाने पोहे-जलेबी खाल्ली असती. मग कळलं, आत काउंटरला उभं राहून तीच कॉफी स्वस्त पडते. वेटरने हे हळू बोलून समजावलं. मला ठाऊक होतं, म्हणाले. मी अनुभव घेत होते.

७ मार्च

काउंटरला उभी राहिले. स्थानिक न्याहारी म्हणजे बोटभर काळी कॉफी आणि शेजारच्याचा सिगरेटचा धूर. पोटात दुसरं काही गेलं नाही. दुपारी टेबलाशी गरगरलं. हवामान बदललं की होतंच.

प्रतिभाताई सकाळी बेसिनजवळ ग्लासात पोहे भिजवतात. वर सेव, वर जीरावन. मी खिडकीबाहेर शहर बघत होते. नाक मात्र आतच होतं.

८ मार्च

बेकरीतून लांब पाव घेतला, स्वस्त आणि स्थानिक. इथले लोक काखेत मारून चालतात, मीही चालले. अर्ध्यावर जबडा दुखायला लागला. उरलेला प्रदर्शनात नेला. प्रतिभाताई म्हणाल्या, कापड मोजायला गज आणलास का तेजू?

त्यांना संस्कृतीतलं काही कळत नाही.

९ मार्च

माझी चूक मला सापडली. मी पाट्या वाचत फिरत होते. आपल्या उज्जैनच्या देवास गेटला कोणी पाटी वाचून नाश्ता करतं का? जिथे गर्दी, तिथे चांगलं. म्हणून आज फक्त गर्दी शोधली, आणि सापडली. स्टेशनमागे एक पांढरी गाडी, समोर लांब लाइन, सगळे अस्सल स्थानिक. वाडगाभर कॉफी, पाव, लोणी, जॅम, उकडलेलं अंडं. भाव विचारला तर वाढणारी बाई नुसती हसली. काही नाही म्हणाली.

भंडारा! सिंहस्थात आपल्याकडे शेठ आणि साधू एकाच पंगतीत बसतात, तेच हे. पाश्चात्त्य लोक एकलकोंडे असतात असं आमच्या पुस्तकात होतं. तो धडा बदलायला हवा.

१० मार्च

आज लाइनीत पुढे एक दाढीवाले गृहस्थ होते. थंडीमुळे एकावर एक दोन कोट. तुम्ही कुठे झोपता, असं त्यांनी विचारलं. हॉटेलात, मी म्हणाले. ते फारच प्रभावित झाले. कसं जमवलंत, असं पुन्हा पुन्हा विचारत होते. शेवटी त्यांनी आपला जॅम मला दिला. याला म्हणतात युरोपियन सौजन्य.

११ मार्च

आज गाडीवाल्यांनी ब्लँकेट दिलं. आधी मी नको म्हणाले, मग घेतलं. प्रसाद परत करायचा नसतो.

प्रतिभाताई म्हणाल्या, तेजू, ती लाइन गरिबांची असेल गं. मी म्हणाले, ताई, गरिबांच्या पायात असे बूट असतात का? त्यांनी आमच्या मोज्यांवर घातलेल्या चपलांकडे पाहिलं आणि पोहे पुढे केले. नाकारले.

१२ मार्च, शनिवार

मोठा दिवस. आज भंडाऱ्यात डाव घेऊन वाढत कोण होतं? मादाम रूसेल. प्रदर्शनाच्या पत्रकातल्या फोटोवरून ओळखलं. दर शनिवारी येतात म्हणे. अगदी आपल्या शेठसारख्या. मी पुढे होऊन भैरवगढच्या मंडळाची ओळख दिली आणि सांगितलं की मी रोज इथेच खाते. त्यांनी डाव खाली ठेवला, माझा हात धरला. भैरवगढच्या बायकाही अशाच जेवतात का, विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, होय, अशाच लाइनीत. सिंहस्थात तर लाखो लोक.

त्यांचे डोळे भरून आले. दोन अंडी जास्त दिली. ऑर्डर पक्की.

१४ मार्च

मादाम टेबलाशी आल्या. कापडावरून हात फिरवला, बायका किती, मुलं किती, विचारलं. मी प्राइस लिस्ट काढली तर म्हणाल्या, हिशेबाचं राहू दे, तुमच्यासाठी आम्ही नक्की काहीतरी करू. प्रतिभाताईंनी मागून चिमटा काढला, लिस्ट दे म्हणाल्या. मी दिली नाही. काही नाती भावाच्या पलीकडची असतात.

२० मे, उज्जैन

बाबांच्या ऑफिसातून निरोप आला, लिओंहून खोके आलेत. ऑर्डरच आली असणार म्हणून मी साडी नेसून गेले. खोक्यांना घालायला हार न्यायचं ठरलं होतं, तेवढं नेमकं राहिलं.

खोक्यांत स्वेटर, ओव्हरकोट, ब्लँकेटं. वापरलेली, पण स्वच्छ धुऊन, घडी घालून. बाहेर मे महिन्यातली गरम लू चालू होती.

टेबलक्लॉथची ऑर्डर जयपूरवाल्यांना गेली. प्रदर्शनात त्यांचं टेबल आमच्या शेजारी होतं. ते रोज कॅफेत खुर्चीवर बसून नाश्ता करायचे. प्रतिभाताईंनी हे सांगितलं आणि स्वेटर मोजायला लागल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

२२ मे

खोके भैरवगढला पोचवले. हा सांस्कृतिक गैरसमज आहे, असं मी बायकांना समजावत होते. त्यांच्यातल्या वडीलधाऱ्या शकीला आपांनी ब्लँकेट चाचपून बघितलं आणि छपाईच्या टेबलावर पसरलं. कापडाखाली गादी म्हणून छान आहे म्हणाल्या. मग शेडचं विचारलं. या वर्षी नाही, असं सांगितलं. पावसाळ्यात काम बंदच राहील.

निघताना आपांनी एक करडा कोट माझ्या हातात ठेवला. प्रतिभाताईंनी सगळं सांगितलेलं दिसतं. आप रख लो बाई, म्हणाल्या, लाइन में तो आप लगी थीं.

घरी येऊन घालून बघितला. मापाचा आहे.