दीडशे मीटर

३ नोव्हेंबर, सोमवार

बैठकीत साहेबांनी पडद्यावर फक्त एक आकडा लावला. अकरा मिनिटं चाळीस सेकंद. ऑर्डर पडल्यापासून पोचेपर्यंतची आपली सरासरी. "महिनाअखेर दहाच्या आत," म्हणाले आणि पाणी प्यायले. रायडरांना पंख फुटणार आहेत की सिग्नल आपल्याला सलाम ठोकणार आहेत, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. वेळेचं खातं माझ्याकडे, म्हणजे घोंगडं माझ्याच गळ्यात.

अकराला आप्पांची ऑर्डर टाकली. दूध, ब्रेड, दोन केळी. थोड्या वेळाने फोनवर हिरवी खूण आली — पोचवलं. म्हणजे त्यांनी दार उघडलं. म्हणजे ठीक आहेत. तीन महिने आम्हा बापलेकीचं बोलणं ते एवढंच.

४ नोव्हेंबर, मंगळवार

दादाचा फोन. तो परदेशात बसून दर रविवारी आप्पांशी बोलतो आणि मग मला उपदेश करतो. "अर्ध्या तासाच्या अंतरावर राहतेस. एकदा जाऊन ये ना."

त्याला काय जातंय सांगायला! आप्पा माझ्या नवऱ्यासमोर मला काय म्हणाले, ते त्याने ऐकलेलं नाही. "लोकांना दूध दहा मिनिटांत पाहिजे म्हणून तू माणसं पळवतेस, आणि स्वतःला बापाकडे यायला महिना लागतो." मीही मग बोलले. बोलायला नको होतं ते बोलले. आता कोण आधी नमतं, एवढाच प्रश्न उरलाय, आणि दोघांच्याही मानेला तशी सवय नाही.

दादा म्हणाला, आप्पा एका स्कूटरवालीचं कौतुक करत होते. रोज तीच येते. चार जिने चढते, पिशवी आत ओट्यावर ठेवते, दुधाची पिशवी कापून देते, कारण आप्पांची बोटं हल्ली वळत नाहीत. बोटं वळत नाहीत हे मला माहीत नव्हतं.

आप्पांनी जन्मभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि घर घेतलं ते लिफ्ट नसलेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. म्हणे, "घरी तरी कामाची आठवण नको."

६ नोव्हेंबर, गुरुवार

सापडलं. रस्त्यावर काही करायची गरजच नाही!

रायडरचं 'पोचवलं' बटण ग्राहकाच्या घराभोवतीच्या एका वर्तुळात शिरल्याशिवाय पेटत नाही. हे वर्तुळ तीस मीटरचं. ते दीडशेचं केलं की बटण फाटकाशीच पेटेल. जिने, लिफ्ट, बेल, "आले आले" म्हणत दार उघडणारी माणसं, सगळं घड्याळाच्या बाहेर. दोन मिनिटं सहज.

साहेबांना दाखवलं. खुर्चीतून उठून त्यांनी हात मिळवला. आजपासूनच लागू.

१० नोव्हेंबर, सोमवार

नऊ मिनिटं अठ्ठावन्न. केक कापला. सुरी माझ्या हातात दिली. साहेब म्हणाले, "हिने काय जादू केली विचारू नका." कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलेलं होतं.

बटण दाबल्याबरोबर रायडरला पुढची ऑर्डर पडते आणि तिचं घड्याळ सुरू होतं. म्हणजे फाटकाशी बटण दाबून मग वर चढायचं, तर पुढच्या ऑर्डरची वेळ खाऊन. म्हणजे कुणी चढणार नाही, पिशव्या वॉचमनच्या टेबलावर राहणार. हे मला गुरुवारी माहीत होतं का? होतं. इथे तरी खोटं कशाला लिहू?

११ नोव्हेंबर, मंगळवार

आप्पांच्या ऑर्डरवरून त्या स्कूटरवालीची नोंद काढली. उगाच. बघावंसं वाटलं.

शुक्रवारी लाल, शनिवारी लाल, रविवारी लाल. कारण रोज तेच — अकरा वाजताच्या ऑर्डरनंतरची ऑर्डर उशिरा. बाई बटण दाबूनही चार जिने चढत होती. पिशव्या कापून देत होती! रविवारी संध्याकाळी तिला आपोआप इशारा गेला: आणखी एक लाल, तर काम बंद.

सोमवारपासून वेळेत आहे. शहाणी झाली म्हणायची.

मला बरं वाटलं, हे खरं. निदान आता "ती परकी येते आणि तू येत नाहीस" हे तरी ऐकायला नको.

१२ नोव्हेंबर, बुधवार

अकरा नऊला हिरवी खूण. बाकी दिवस कंटाळवाणा.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

अकरा आठला हिरवी खूण. अकरा पस्तीसला शेजारच्या काकूंचा फोन. "आप्पा पडलेत. दवाखान्यात नेतोय. ये."

न्हाणीघरात पडले होते. काल सकाळी नऊला. मांडीचं हाड मोडलंय. सव्वीस तास ओल्या फरशीवर! हाक मारून मारून आवाज बसला. काकू दोन दिवस लेकीकडे होत्या, सकाळी परतल्या तेव्हा त्यांना काही ऐकू आलं नाही. आणि मी काल हिरवी खूण बघून डबा खाल्ला. आजही बघितली.

काढलं ते त्या स्कूटरवालीने. पिशवी ठेवायला वॉचमनकडे गेली, तर कालची तिथेच, आप्पा न्यायला खाली आलेच नव्हते. दूध फाटून फुगलेलं. ती तशीच वर धावली, दाराला कान लावला, काकूंना आणि वॉचमनला गोळा करून कडी तोडली. मी पोचले तेव्हा ती बाहेर बाकावर बसली होती. चाळिशीची, बारीक, हेल्मेट मांडीवर. "ताई, मी काल वर जायला पाहिजे होतं," म्हणाली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

शस्त्रक्रिया झाली. शुद्धीवर आल्यावर आप्पांनी माझा हात धरला. बोटं खरंच वळत नाहीत. "आलीस," एवढंच म्हणाले. मी रडले, नर्स रागावली.

इकडे दादाने तिकडून आग लावून दिलीय. पहिल्याच दिवशी, पूर्ण हकीकत कळायच्या आत, त्याने सगळ्या जगाला दिसेल असं लिहून टाकलं: माझे वडील दीड दिवस पडून होते आणि तुमचं ॲप म्हणतं, दोनदा पोचवलं. हजारो लोकांनी ते पुढे पाठवलंय. मला म्हणतो, "तुझीच कंपनी आहे. तूच छडा लाव."

१७ नोव्हेंबर, सोमवार

तक्रार माझ्याच टेबलावर आली. वेळेचं खातं ना!

फॉर्मवर कारणं तीनच. एक, ग्राहक उपलब्ध नव्हता. दोन, रायडरची चूक. तीन, यंत्रणेतला दोष. खाली तपासणाऱ्याची सही.

साहेबांनी दार लोटून घेतलं. आप्पांची चौकशी केली, मनापासून केली असावी. मग म्हणाले, "तीन लिहिलंस तर वर्तुळ कुणी वाढवलं हे निघेल. कागदावर तुझं नाव आहे, माझं नाही. दोन लिहिलंस तर संपलं. बटण तिनेच दाबलंय, यात खोटं काय?"

खोटं काहीच नाही. तेच तर. तिची नोंद पुन्हा उघडली. गुरुवारची आप्पांच्या नंतरची ऑर्डर बावन्न मिनिटं उशिरा, मग रद्द. ती कडी तोडत होती तेव्हाची. तेही लालच! तक्रारीचा निकाल लागेपर्यंत तिचं काम बंद करायचं तेवढं थांबलंय.

शुक्रवारपर्यंत मुदत.

१९ नोव्हेंबर, बुधवार

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तुझी नोकरी गेली तरी दुसरी मिळेल. तिला इशारा आधीच गेलाय. तिला कोण देईल?" मला राग आला त्याचा. बरोबर बोलला म्हणून आला.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आप्पा आज उशाशी टेकून बसले. थोडं सूप गेलं. मग म्हणाले, "ती काम सुटल्यावर रोज येऊन जाते. दोन मुलं आहेत, घरात कमावणारी एकटी. तू एवढी मोठ्या हुद्द्यावर. वर कुणाला तिच्याबद्दल दोन चांगले शब्द सांगता आले तर सांग." जन्मात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे काही मागितलं. "सांगते," म्हटलं.

परत येताना रिक्षात ठरवलं. उद्या तीन नंबर. वर्तुळ मी वाढवलं, तारखेसकट लिहीन. जे व्हायचं ते होईल. किती दिवसांनी मोकळं वाटतंय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दोन लिहिलं. सही केली. चार वाजता तिचं खातं बंद झालं.

सहाला ती दवाखान्यात आली, आप्पांसाठी केळी घेऊन. मला बाजूला घेऊन फोन दाखवला. "ताई, तुम्ही कंपनीतच आहात ना? हे का बंद झालं, जरा बघता का?"

मी म्हटलं, "बघते."