बोअरच्या पाइपला बांधलेली तार

केडगाव, मंगळवार, संध्याकाळ

शेजारच्या दत्तूला लहानाचा मोठा होताना पाहिलं, आणि आज तोच कोयता घेऊन कुंपणापाशी आला! "काकू, तुम्ही रेडिओवर बोलाय लागल्या की माझी मोटर बंद पडती. छपरावरची ती तार उतरवा, न्हाईतर मी तोडतो." हॅम रेडिओचा सरकारी परवाना आहे माझ्याकडे, मी ठणकावलं. तर म्हणतो, "परवान्यानं कांदा भिजतो का?"

परवान्यानं कांदा भिजतो का! दुपारभर तेच डोक्यात. लिलीशी, कॉन्व्हेंट शाळेतल्या माझ्या मैत्रिणीशी, संध्याकाळी दहा मिनिटं बोलते. तेवढंही खुपावं याला?

रागारागात त्याची चूक शोधायला गेले आणि आमचीच सापडली. बोअर दोन्ही घरांची एकच. रेडिओच्या अर्थिंगची तार ह्यांनी, हयात असताना, बोअरच्याच लोखंडी पाइपला बांधलेली. पाइप खोल जातो म्हणून. म्हणजे माझं बोलणं थेट दत्तूच्या मोटरच्या स्टार्टरमध्ये उतरत होतं. ह्यांच्या हातचा पीळ सोडताना रडू आलं, आणि रडू आलं म्हणून दत्तूचा जास्तच राग आला. तांब्याची वेगळी सळई बोअरपासून लांब जमिनीत ठोकली, तार तिला जोडली, रेडिओची पॉवर निम्मी केली आणि लिलीला हाक दिली. मोटर चालूच राहिली.

नंतर दत्तू कुंपणावरून ओरडला, "आज बोलला न्हाईत का, काकू?"

"बोलले की. चांगली दहा मिनिटं."

चूक आमची होती, हे सांगितलं नाही. शाळेतल्या सिस्टरनी कबूल करायला लावलं असतं. पण कोयता घेऊन आलेल्याच्या हाती ह्यांची चूक मी देणार नाही.