आधी बेरीज, मग बदल

१ तारीख, सोमवार, दुपारी दोन

तीर्थस्वरूप दादास,

नमस्कार. साष्टांग घालायला कचेरीतल्या माझ्या खोलीत जागा नाही, जमिनीवर नव्या नाण्यांच्या थैल्या आहेत. तुझं अंकगणिताचं पुस्तक शाळांतून काढलं आणि मला ते थांबवता आलं नाही म्हणून तू अबोला धरलास. तीन पत्रांना उत्तर नाही. तरी हे चौथं, कारण आज गप्प बसवतच नाही!

अरे, सकाळपासून सगळा देश दहा-दहाने मोजतोय आणि आभाळ कोसळलेलं नाही! बसचे कंडक्टर नवी नाणी दाताखाली धरून बघताहेत, एवढंच. वहिनीला सांग, मी वेळेवर जेवले. (खोटं आहे, पण सांग.)

कचेरीसमोरच्या दुकानात मुद्दाम जाऊन उभी राहिले. एका आजींनी चार मेणबत्त्या घेतल्या, जुन्या भावाने एकीला एक जुनं नाणं, म्हणजे रुपयाचा सोळावा हिस्सा. आता रुपयाचे नवे शंभर, म्हणून त्याचे होतात सव्वासहा. दुकानदाराने सरळ सात धरले आणि चारींचे अठ्ठावीस मागितले. आजींनी भिंतीवरच्या सरकारी तक्त्यावर बोट आपटलं.

"आधी बेरीज, मग बदल! डोळे फुटले का तुझे? चार नाण्यांचे पंचवीसच होतात."

त्याने पंचवीस मोजून घेतले. मी टाळ्या वाजवल्या. लोकांना वाटलं, बाई कामातून गेली.

वाक्य ओळखलंस ना? तुझ्याच पुस्तकातलं. आमच्या कचेरीने केलेले ते तक्ते छापायला गेल्यावर मला आठवलं आणि मी धावत छापखाना गाठला. मालकाने कपाळाला हात लावला, पण ओळ घातली. आज ती गावोगावच्या दुकानांत आहे, दादा!

आता जे टाळतेय ते. पुस्तक काढायचा हुकूम वरून आला, असं मी तुला सांगितलं होतं. वरून काही आलं नव्हतं. टिपण माझं, सहीही माझी. सोळाव्या हिश्श्यांची गणितं मुलांना आता नकोत, हे मला आजही पटतं. पण तुझ्यासमोर येऊन तसं म्हणायची छाती झाली नाही. साहेबांच्या हुद्द्यापुढे 'करिता' लिहिलं, म्हणजे सही त्यांच्या वतीने केल्यासारखी दिसावी, आणि तुला वाचता येऊ नये असा फराटा ओढला. ज्याने मला बेरीज शिकवली त्यालाच फसवलं.

रविवारी येते. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव.

ही सही कुणाकरिता नाही.

तुझीच,
चिमी