शंभरचा दिवा आणि झाडडेलिया

७ ऑक्टोबर १९५७, सोमवार. सकाळी ६.४०

१. काल संध्याकाळी तगरीवर उमलायला आलेल्या कळ्या होत्या.
२. आज सकाळी एकही नाही.
३. पावणेसहाला शेजारच्या रुक्मिणीबाई माझ्या कुंपणाशी उभ्या होत्या. हातात परडी.
४. मला पाहून त्यांनी परडीवर पदर घेतला.
५. मी घड्याळ पाहून वेळ लिहून घेतली.

यावरून निष्कर्ष काढत नाही. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणाऱ्या मुलींना प्रयोगशाळेत मीच बोलते. शिवाय तगर गेली तर गेली. प्रश्न झाडडेलियाचा आहे.

८ ऑक्टोबर

नोंद पूर्ण असावी म्हणून थोडी पार्श्वभूमी.

पिंपरीच्या या औषध कारखान्याच्या वसाहतीत स्वतंत्र क्वार्टर मिळालेली एकटी बाई मीच. वसाहतीचे अधिकारी नानासाहेब यांना ते पहिल्या दिवसापासून खुपते. एकट्या बायकांनी हॉस्टेलात तिघी-तिघींनी राहावे आणि बागेची क्वार्टर कुटुंबाला द्यावी, असे त्यांचे म्हणणे. मी जूनमध्ये त्यांना सांगितले की बाग कुटुंबापेक्षा चांगली ठेवीन. ते हसून म्हणाले, "ठेवा. जानेवारीत पाहणीला येतो. फुलं दिसली तर क्वार्टर तुमची."

त्यांच्या मनात झेंडू असावा. मी पाचगणीहून झाडडेलियाची कांडी आणून लावली. आज झाड दहा फूट आहे. नोव्हेंबरअखेर डोक्यावर पंजाएवढी जांभळी फुले येतील. नानासाहेबांना मान वर करावी लागेल.

धोके दोन. एक, चोरी. दोन, थंडी. आमची ओळ पवना नदीच्या बाजूला सगळ्यात खोलगट जागेत आहे. गार हवा येऊन इथेच साचते. गेल्या जानेवारीत टोमॅटो एका रात्रीत काळे पडले.

दोन्हींवर उपाय एकच. वायरमन करीमभाईंकडून झाडाशेजारच्या खांबावर शंभर वॅटचा बल्ब लावून घेतला. संध्याकाळपासून सकाळपर्यंत चालू. चोर दिसेल आणि झाडाला ऊबही मिळेल. थर्मामीटरही त्याच खांबाला टांगला, बल्बखाली. वाचायला सोयीचा.

करीमभाई शिडीवरून म्हणाले, "बाई, चोराचं माहीत नाही, पण किडे मात्र गावभरचे येतील." विषय सोडून बोलण्याची सवय.

२६ ऑक्टोबर

रुक्मिणीबाई दारात. मावळातल्या आहेत, आवाज मोठा. "बाई, त्यो दिवा रातभर जळतोय न्हवं, थेट फुडच्या दारातनं आमच्या तोंडावर येतोय. आमचा कोंबडा बी येडा झालाय. कवाबी आरवतोय."

मी म्हणाले, दिवा माझ्या हद्दीत आहे.

त्यांचे यजमान रंगराव पॅकिंगला आहेत. मागून ओरडले, "केमिस्टबाई, झाडाला ओव्हरटाइम लावलाय व्हय?" दोघेही खूप वेळ हसत होते.

प्रामाणिक माणसाला उजेडाचा त्रास का व्हावा? नोंदवून ठेवते, इतकेच. मी संशयी नाही. निरीक्षण करते.

१८ नोव्हेंबर

झाड बारा फूट. पाने हिरवीगार. कळी नाही.

पाचगणीहून पत्र आले. तिकडे कळ्या लगडल्या आहेत.

शक्यता अशी की कळ्या येत आहेत, पण मोहरीएवढ्या असतानाच खुडल्या जात आहेत. खुडल्याची खूण एकही सापडली नाही. म्हणजे हात सराईत आहे.

२१ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीत मुमताजला सांगितले. ती माझ्याच टेबलाशी काम करते, रसायनशास्त्रात माझ्याइतकीच शिकलेली. तिने डबा खाता खाता विचारले, "रात्रभर दिवा? अगं, काही झाडांना कळी धरायला लांब, काळोखी रात्र लागते. मी वाचलंय कुठेतरी. महिनाभर बंद करून बघ ना."

कुठे वाचले ते तिला आठवेना.

मागच्या आठवड्यात हीच मुमताज रुक्मिणीबाईंच्या थालीपिठाची तारीफ करत होती. थालीपीठ तिच्यापर्यंत कसे पोचले, हे मी विचारले नाही. दिवा बंद करावा असे आता तीन माणसांना वाटते. ते तिघे एकमेकांना ओळखतात.

संध्याकाळी दोनशेचा बल्ब बसवला. करीमभाई शिडीवरून उतरताना रुक्मिणीबाईंच्या घराकडे पाहत होते. तेही सामील असल्यास नवल नाही.

९ डिसेंबर

आज भिंतीपलीकडे, रुक्मिणीबाईंच्या अंगणात, जांभळी फुले.

झाडडेलियाची. शंका नाही. माझ्या न्हाणीघरामागे त्यांची पडवी आहे. तिच्या कडेने तीन फुले वर दिसतात, बाकी भिंतीआड. इकडे माझ्या झाडावर, दोनशेच्या लख्ख उजेडात, पाने.

निष्कर्ष काढायला आता हरकत नाही. माझ्या झाडाची कांडी चोरून तिकडे लावली आहे.

न्हाणीघरामागे जाऊन भिंतीशी पाहावे असे एकदा वाटले. पण तिथे जळणाची लाकडे रचली आहेत आणि त्यांत विंचू निघतात. शिवाय पाहण्यासारखे काय उरले आहे?

११ डिसेंबर

भिंतीवरून विचारले, हे झाड तुमच्याकडे कुठून आले?

"आपसूकच आलंय बाई! एवढुशी फांदी हुती. आता बघा कशी नटलीया. रोज दोन देवाला वाहते. या की बघाया, च्या बी टाकते."

आपसूक. बारा फुटी झाड पाचगणीहून चालत आले असावे.

चहाला गेले नाही. पुरावा पाहायला जो स्वतः बोलावतो, त्याने तो आधी नीट लावून ठेवलेला असतो.

१२ डिसेंबर

नानासाहेबांकडे लेखी तक्रार. मुख्य वाक्य तीनदा तपासले: "भिंतीपलीकडील झाड स्वतंत्र असून माझ्या झाडाशी त्याचा संबंध केवळ चोरीचा आहे." कुठूनही निसटायला जागा नाही. सही, तारीख.

झोप चांगली लागली. कोंबडा आरवला तरी.

४ जानेवारी १९५८

सकाळी झाड काळे. वरपासून खालपर्यंत. पाने उकळून काढल्यासारखी लोंबत आहेत.

थंडी हे कारण असू शकत नाही. थर्मामीटरवर रात्रीचे किमान तापमान नऊ सेंटिग्रेड. नऊला काही गोठत नाही. गवतावर पांढरे काहीतरी होते, पण सूर्य वर येताच गेले. चुना फेकला असावा.

पाने उकळल्यासारखी, म्हणजे उकळते पाणी. रुक्मिणीबाईंचा बंब पहाटेच पेटतो, धूर मी रोज पाहते. पडवीच्या आसऱ्याला असलेल्या त्यांच्या फुलांची मात्र पाकळीही काळी नाही.

कारखान्यात मुमताजला नऊचा आकडा सांगितला. तिने विचारले, "थर्मामीटर टांगलायस कुठे?" मी सांगितले, खांबाला, बल्बखाली. तिने डब्याचे झाकण लावले. मग म्हणाली, "चल, चहा घेऊ."

उत्तर नसले की लोक चहा घेतात.

१४ जानेवारी

रुक्मिणीबाईंनी संक्रांतीला बोलावले. तक्रारीची चौकशी त्यांच्याकडे झाली असणार, तरी चेहऱ्यावर काही नाही. "या वो बाई, एकल्या किती बसताय? घर काय पळून जातंय?"

हेच वाक्य मला खटकले. गेले नाही. त्यांनी तिळगूळ दारात आणून दिला. तपासावा म्हणून प्रयोगशाळेत नेला. मुमताजने खाल्ला. संध्याकाळपर्यंत तिला काही झाले नाही.

पाहणी सोमवारी. झाड काळे असले तरी काळजी नाही. नानासाहेबांसमोर चोरी उघड होईल. पीडित व्यक्तीची क्वार्टर कोणी काढून घेत नाही.

२० जानेवारी, सोमवार

पाहणी झाली. जसे घडले तसे लिहिते.

नानासाहेब काळ्या काठ्यांसमोर उभे राहिले. त्यांनी विचारले, "हीच का ती फुलं?" मी भिंतीकडे बोट दाखवले. त्यांनी खरोखरच मान वर केली. "वा! ही तुमची?"

मी बोलायच्या आत भिंतीपलीकडून रुक्मिणीबाई, "व्हय सायब, बाईंच्याच झाडाची हाईत! आमी निस्तं पाणी घालतो."

नानासाहेबांनी खिशातून माझी तक्रार काढली. "पण बाईंनी लिहून दिलंय, ते झाड स्वतंत्र आहे. काय हो, तुमचं विधान बदलायचं आहे का?"

मी म्हणाले, माझे लेखी विधान मी बदलत नसते.

पलीकडून रंगराव हळू म्हणाले, "आरारारा." हसले नाहीत.

नानासाहेबांनी कागदाची घडी घातली. "मग तुमच्या बागेत फुलं नाहीत. शनिवारी वाटपाची बैठक आहे. एक तारखेपासून हॉस्टेल. तिथे दोघी आहेत, तुम्ही तिसऱ्या."

ते गेल्यावर पुरावा पक्का करावा म्हणून न्हाणीघरामागची लाकडे बाजूला केली. विंचू नव्हता. भिंतीला खाली जाळी आहे. माझ्या झाडाच्या बुंध्यातून एक फांदी निघून, न्हाणीघराच्या सावलीतून, त्या जाळीतून पलीकडे गेली आहे. मनगटाएवढी जाड. कुठे कापलेली नाही, जोडलेली नाही. मी दोन वेळा हाताने चाचपून पाहिली.

तिथे उभे राहिले तर बल्ब दिसत नाही. पलीकडे पडवीपर्यंतही उजेड पोचत नाही.

दिवा बंद केला.

२१ जानेवारी

नानासाहेबांना चिठ्ठी पाठवून तक्रार मागे घेतली. त्यांचा निरोप आला: शेजारच्यांनी बैठकीत समक्ष येऊन सांगितले तर विचार करू.

रुक्मिणीबाईंचे दार इथून दिसते. दोनदा कुंपणापर्यंत गेले. मग पत्र लिहिले. रंगराव वाचून दाखवतील. मोठ्याने वाचतील, हे गृहीत धरले आहे. पहिल्या मसुद्यात "गैरसमज उभयपक्षी झाला" असे होते, ते खोडले. दुसऱ्यात "परिस्थितीजन्य पुराव्यामुळे" होते, तेही खोडले. पाठवलेली प्रत अशी:

सौ. रुक्मिणीबाई यांस,

फुले तुमच्याकडच्या फांदीला आली. फांदी माझ्या झाडाची आहे. तुम्ही चोरी केलेली नाही. मी तसे लिहून दिले, ते चूक होते.

शनिवारी सकाळी दहाला नानासाहेबांच्या ऑफिसात बैठक आहे. काल तुम्ही भिंतीपलीकडून जे बोललात, ते तिथे येऊन पुन्हा बोलाल का?

येणार की नाही, ते शुक्रवार, २४ तारखेपर्यंत कळवावे.