चौघांची हवा

३ मार्च
आज रुजू झाले! ओळखपत्रावरचा फोटो अगदी चोरासारखा आलाय, तरी आईने तो दोनदा मागवून घेतला. घरातली पहिली पदवीधर मी. बाबा सगळ्यांना सांगत सुटलेत की पोरगी आता आभाळाला कुलूप लावणार. काम साधारण तसंच आहे. अवकाशकुपीत एकटीने बसायचं. इथले जुने तंत्रज्ञ काका बाहेरून झाकण आवळतात, मग भोवतालच्या खोलीतली सगळी हवा उपसतात. दोन तास प्राणवायूचे आकडे वहीत टिपायचे आणि सही करायची. सहीशिवाय उड्डाण नाही. पंधरा तारखेला तिघं जाणार आहेत.

५ मार्च
पहिली चाचणी. बसले एकटी, प्राणवायू संपला चौघांइतका. काका म्हणाले, नाश्ता जास्त झाला असेल पोरी. मी हसले. मग त्यांनीच हळू आवाजात सांगितलं, मागच्या कुपीतली हवा परतताना कुठूनशी निसटली आणि तिघं बसल्या जागी गेले. खुर्च्या शाबूत होत्या. त्याच धुऊन-पुसून इथे बसवल्यात.

७ मार्च
मापक बदललं. गळती शोधली, नाही. श्वास रोखून पाहिला. आकडा उतरतच राहिला, बरोबर तिघांइतका. विभागाचे साहेब म्हणाले, एकाचाच लिहा, वर मी बघून घेतो. मी चौघांचा लिहिला.

१० मार्च
साहेब सगळ्यांदेखत बोलले की नव्या पोरींना भुतं फार दिसतात. मी म्हटलं, दिसलं काहीच नाही, मोजलंय. पंधराला जाणाऱ्या तिघांतल्या वैमानिक ताईने जिन्यात गाठून विचारलं, तू जाशील का यातून? नाही म्हणाले. तिने माझा हात घट्ट दाबला.

१२ मार्च
शेजारच्या खुर्चीचा पट्टा वर-खाली होतोय. छातीवर असावा तसा. सही नाही.

१३ मार्च
शेवटची चाचणी. आज आकडा ठीक आला तर साहेब स्वतः सही करणार.
एकेचाळिसावं मिनिट. तिन्ही पट्टे थांबले — एकदम. आकडा एकाचा. साहेबांना हवा तसा.
शिट्टी? डाव्या खुर्चीमागे — झडप — आपोआप उघडली. बेचाळिसावं मिनिट.
दाब निम्मा. काका बाहेर धावतायत. खोलीत हवा भरायला वेळ —
वही सापडेल त्याने ताईला द्या. साहेबांना नाही.
झडप डावी. तिघांना पाठवू नका.
कान — बोटं सुजली —
सही नाही. मी नाही दे